पाचवेकऱ्याच्या झावळ्या

ज्या वर्षी आमची लेक तुर्किया मालकाच्या पंपाच्या खोलीतून सासरी गेली, त्या वर्षीची ही हकिकत. आमच्यात मुलगी बापाच्या उंबऱ्यावरून निघते. घर कसंही असो, उंबरा बापाचा लागतो. तुर्कियाला तो मिळाला नाही.

वाळवंटातल्या ऐन तराफ या गावी आमचे मालक सी लझहर यांची खजुरीची बाग आहे. तिथे मी पाचवेकरी होतो. माझा बाप मिलूद पाचवेकरी होता, त्याचा बाप सालेमही. झाडावर चढून मादीच्या फुलोऱ्यात नराच्या काड्या बांधायच्या, पाटाचं पाणी वाफ्यांतून फिरवायचं, घड दोराने उतरवायचे, आणि पाच घडांतला एक आपला. घर मालकाच्याच जमिनीत, बागेच्या दक्षिण टोकाला, वाळूच्या टेकडीला पाठ लावून. पाचवा हिस्सा गेला की घरही गेलं.

आणखी एक गोष्ट आमची होती. वाळलेल्या झावळ्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं. थंडीत झाडं साफ केली की आम्ही त्या गाढवावर लादून घरी आणायचो. निम्म्या चुलीला आणि भट्टीला. निम्म्या टेकडीवर.

टेकडीचं काम बाबांचं. माथ्यावर हातभर खोल चर खणायचा, त्यात झावळ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, काथ्याने बांधायच्या. वारा वाळू घेऊन येतो, झावळ्यांपाशी टाकतो आणि पुढे जातो. वर्षाअखेर कुंपण बुडत येतं. मग त्याच्या डोक्यावर नवं. बाबा म्हणायचे, "वाळूला बसवून ठेवायचं. तिला चालायची सवय लागू द्यायची नाही." त्यांचे डोळे वाळूनेच गेले होते. एकाने उजेड कळायचा, दुसऱ्याने तोही नाही. तरी चर ते हाताने चाचपून सरळ खणायचे.

वसीलाबाई आल्या त्या घड उतरवायच्या हंगामात. शहरातल्या संशोधन केंद्रातल्या. पायात रबरी बूट, हातात काचेच्या बरण्यांची पेटी. सी लझहर त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आले.

"जिलानी, बाईंना अळ्या हव्यात," मालक मला म्हणाले. "गेंड्या भुंग्याच्या. मिळतील तेवढ्या."

"अळ्या? मालक, त्या मी आजवर कोंबड्यांना घातल्या."

"आता कोंबड्यांना उपास."

विहिरीकडच्या वाफ्यात एक म्हातारी खजुरी दोन वर्षांपासून आडवी पडली होती. मी खोडाला कान लावला. आत बारीक करकर चालली होती, कुणी शिळी भाकर चावतंय तशी. तिथे कुऱ्हाडीचे चार घाव घातले आणि साल उचकटली. अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या अंग मुडपून पडल्या होत्या, भोवती ओल्या भुशाचा चिखल.

"कुठे आहेत ते कसं कळलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"चावताना आवाज होतो."

त्यांनी डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि चिखलातच कान टेकला. बराच वेळ ऐकत राहिल्या. मला ती बाई तेव्हाच आवडली.

बाबा खोडाच्या टोकाला बसले होते. त्यांनी एक अळी मागून घेतली, तळहातावर लोळवली. "एवढी मऊ. आणि आमच्या विळ्याला न तुटणारं लाकूड खाते. पोटात काय करवत आहे काय हिच्या?"

"तिला स्वतःला लाकूड पचत नाही, चाचा," बाई म्हणाल्या. "तिच्या आतड्यात जंतू राहतात. डोळ्याला न दिसणारे. ते तिच्यासाठी लाकूड फोडतात, मग ती त्यातलं खाते."

बाबांनी अळी बोटाने उलटी केली. मग म्हणाले, "म्हणजे अळी मालक. आणि ते पाचवेकरी."

मी घाबरून मालकांकडे पाहिलं. ते फोनवर बोलत होते.

"मग त्यांना पाचवा तरी मिळतो का?" बाबांनी विचारलं.

बाई हसल्या. "राहायला जागा मिळते."

"आम्हालाही तेवढीच."

"बाहेर काढलं की त्यातले बरेचसे मरतात, चाचा. बाहेरची हवा सोसत नाही त्यांना."

"तेही आमच्यासारखंच," बाबा म्हणाले आणि अळी बरणीत सोडली.

महिन्याभराने बाई परत आल्या त्या दोन कॅन घेऊन. आत तपकिरी, आंबूस वासाचं पाणी. अळ्यांच्या आतड्यांतले जंतू त्यांनी खजुराच्या पाकात वाढवले होते. जे जगले ते. आता वाळलेल्या झावळ्या बारीक तोडायच्या, खड्ड्यात भरायच्या, भिजवायच्या, हे पाणी शिंपडायचं आणि प्लास्टिक घालून झाकायचं. दर पंधरा दिवसांनी खालीवर करायचं. तीन महिन्यांत काळं खत. शेणखताला आमच्याकडे किती वणवण करावी लागते ते बागवाल्यालाच ठाऊक.

पहिला खड्डा माझ्या झावळ्यांनी भरला. मीच दिल्या. मालक म्हणाले होते, "खत होईल त्यातलं निम्मं तुझ्या भाजीच्या वाफ्याला." मला तो सौदा चांगला वाटला. खरं सांगायचं तर सौद्यापेक्षा मला अभिमान वाटला. अळ्या मी शोधल्या होत्या, कानाने.

दहाव्या दिवशी प्लास्टिक उचललं तर वाफ आली. मी हात आत खुपसला आणि चटकन काढला. भट्टीसारखं गरम होतं.

"अहो, यात भाकरी भाजतील," सालहा म्हणाली. सालहा माझी बायको. तिने वाकून वास घेतला. "वास मात्र तुमच्या मावशीच्या घरासारखा आहे."

तुर्किया हसून लोळायची बाकी राहिली. तिचं लग्न ठरलेलं होतं, वसंतातल्या परागबांधणीनंतरचं, एप्रिलच्या शेवटी. नवऱ्याकडची माणसं घर पाहून गेली होती. सालहाने भिंतींना चुना लावायला काढला होता.

त्या खड्ड्यातली काळी पडू लागलेली मूठभर माती पाहून मालकांचे डोळे बदलले. डिसेंबरात ते एक कागद घेऊन आले. सोबत केंद्राचा एक कारकून होता. वसीलाबाई नव्हत्या.

"चार खड्डे करायचे," मालक म्हणाले. "मार्चच्या पहिल्या आठवड्यात शहरातून पाहुणे येणार आहेत बघायला. इथे अंगठा कर."

"कशाचा कागद आहे, मालक?"

"कामाचा. तू काम करणार आहेस ना?"

मी अंगठा केला. त्या कागदावर काय होतं ते मी नऊ वर्षांनी वाचलं, प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्यावर. लिहिलं होतं, बागेतील सर्व वाळलेल्या झावळ्या मालक पुरवील. पाचवेकरी हा शब्द त्यात नव्हता.

पण अर्थ मला दुसऱ्याच दिवशी कळला. झाडं साफ करून मी गाढव लादलं आणि घराची वाट धरली, तेव्हा मालकांनी हाक मारली. "जिलानी! तिकडे कुठे? खड्ड्याकडे."

"मालक, या घरच्या."

"झाड कुणाचं?"

"तुमचं."

"मग झावळी कुणाची?"

"मालक, आजवर..."

"आजवर त्या कचरा होत्या," ते शांतपणे म्हणाले. रागावले नव्हते. "कचरा मी कधी मोजला नाही. आता तो कचरा नाही. आणि हे करून दाखवलं कुणी? तूच ना? तुला तर आनंद व्हायला हवा."

गाढव तसंच उभं होतं. मी त्याची मान फिरवली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "चुलीचं जाऊ दे. टेकडीला किती ठेवल्यास?"

"ठेवीन."

"किती ठेवल्यास, विचारतोय."

सालहाने चहाची किटली निखाऱ्यावरून उचलली आणि परत तिथेच ठेवली.

"मार्चच्या वाऱ्याआधी माथ्यावर नवं कुंपण नसलं," बाबा म्हणाले, "तर टेकडी या घरात राहायला येईल. तिला चुना लावलेल्या भिंती आवडतात."

जानेवारी कडाक्याचा गेला. पहाटे पाटाच्या कडेला बर्फाची पापडी धरायची. सालहा आणि तुर्किया उंटांच्या वाटेवर लेंड्या गोळा करत फिरायच्या. त्यावर चहा व्हायचा, भाकरी व्हायची नाही. बाबांचं अंग थंडीने आखडलं. सकाळी उठवलं की गुडघे उघडत नसत. शेवटी सालहाच म्हणाली, "त्यांना खड्ड्याशी नेऊन बसवा. झावळ्या आपल्याच जळतायत तिथे."

मी बाबांना पाठीवर घेऊन दुसऱ्या खड्ड्याशी नेलं. प्लास्टिकची कड उचलून त्यांचे पाय आत सोडले, वर घोंगडी टाकली. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"ते पाचवेकरी चांगलं काम करतायत," ते म्हणाले.

रोज सकाळी त्यांना तिथे नेऊन बसवायचं, ऊन वर आलं की घरी आणायचं. आठ-दहा दिवस असं चाललं. मग एका सकाळी मालक आले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मिलूदचाचा, कड उघडी टाकू नका. ऊब निघून जाते. बाईंनी सांगितलंय."

बाबांनी पाय बाहेर काढले. गुडघ्यापर्यंत काळा चोथा लागला होता. ते पाय पुसायला त्यांना काही सापडेना. मालक निघून जाईपर्यंत ते हाताने घोंगडी चाचपत राहिले.

तीन खड्डे भरले. चौथा अर्धा राहिला. झाडांवर आता हिरवीच पानं होती. फेब्रुवारीच्या शेवटी मालक खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि आत पाहत म्हणाले, "हा अर्धा दाखवायचा पाहुण्यांना?"

"मालक, झावळ्या संपल्या."

"शेजारच्या बागेतला तुझा चुलतभाऊ म्हणत होता, त्याने आठवड्यात भरला असता."

एवढंच. माझा चुलतभाऊ माझ्या जागी इथला पाचवा मागायला टपून होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा झोपले असताना मी टेकडीवर गेलो. माथ्यावर गेल्या वर्षीचं कुंपण होतं, कमरेएवढं वर, बाकी वाळूत. मी स्वतःशी म्हटलं, एकच ओळ. पाहुणे गेले की कुठून तरी आणून परत लावीन. पहिली झावळी ओढली. ती निघेना. बाबांनी लावलेली. मी गुडघे रोवून दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ती सुटली आणि भोकात वाळू घरंगळली. मग दुसरी. दुपारपर्यंत एक ओळ झाली. तिच्या खाली आदल्या वर्षीची ओळ दिसली. तीही काढली. गाढवाच्या आठ खेपा झाल्या.

चौथा खड्डा भरला. वसीलाबाई जंतूंचं पाणी शिंपायला आल्या. त्यांनी एक झावळी उचलून झटकली. "या एवढ्या वाळूच्या कशा? आणि खूपच जुन्या वाटतात."

"एका पडीक बागेच्या कुंपणाच्या आहेत," मी म्हटलं.

"कुंपण लागत नाही ना कुणाला?"

"नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं होतं.

बाबांना मी सांगितलं नाही. पण तिसऱ्या दिवशी भिंतीशी बसल्या बसल्या त्यांनी मान तिरकी केली. "माथ्यावरून वारा गप्प येतोय," ते म्हणाले. "झावळ्यांतून येताना तो शिट्टी घालतो."

"आज वाराच कमी आहे, बाबा."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. उजेड कळणारा तो एक डोळा माझ्यावर धरला. "किती ओळी?"

"दोन."

"आपल्याच हाताने?"

"हो."

त्यांनी मान परत टेकडीकडे तिरकी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाहुणे आले. हातात काळं खत घेऊन चोळून पाहिलं, फोटो काढले. मला खड्ड्यात उतरवून फावडं हातात देऊन उभं केलं. बाई माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मालकांनी सगळ्यांना कुसकुसचं जेवण घातलं. मी मालकांना म्हटलं, "आता एक-दोन गाड्या झावळ्या कुठून तरी आणून दिल्यात तर टेकडीला लावीन." ते म्हणाले, "बघू या. वाऱ्याला अजून अवकाश आहे."

वारा पंधरा मार्चला सकाळी सुटला. आधी टेकडीचा माथा धुरासारखा झाला. मग दिवस पिवळा पडला. मी दाराला आतून चिंध्या लावत होतो तेवढ्यात मालकांचा गाडीवाला तोंडाला फडकं बांधून आला. "खड्ड्यांवरची प्लास्टिकं उडतायत. मालक म्हणतात, आत्ता चल."

सालहा दारात आडवी उभी राहिली. "इथे टेकडी अंगावर येतेय आणि तुम्ही प्लास्टिक धरायला जाणार?"

"तासाभरात येतो."

"तुमच्या बापाला सांगा, तासाभरात येतो म्हणून."

बाबा कोपऱ्यात बसून काथ्याची दोरी वळत होते. "जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "नाही तर तो जाणार कुठे?"

मी गेलो. चार खड्डे, चार प्लास्टिकं. एकाच्या कडेवर दगड ठेवला की दुसऱ्याची कड सुटायची. मी प्लास्टिकवर आडवा पडलो, खालून ऊब आणि वरून वाळूचा मारा. दुपार टळली.

मी निघाल्यावर घरी काय झालं ते तुर्कियाने सांगितलं. सालहा पाणी भरून ठेवत होती. बाबा भिंत धरून शेळ्यांच्या गोठ्याकडे गेले. गोठ्याच्या छपरावर झावळ्या होत्या, बारा वर्षांच्या, काळ्या पडलेल्या. त्यांनी त्या ओढून काढल्या, वळलेल्या दोरीने बांधल्या आणि पाठीवर घेतल्या. तुर्किया ओरडत मागे धावली. ते म्हणाले, "पोरी, तुझा उंबरा आहे. आत जा, दार लावून घे." दहा पावलांवर ते दिसेनासे झाले. आंधळ्या माणसाला त्या वाऱ्यात आमच्यापेक्षा काही कमी दिसत नव्हतं.

मला ते संध्याकाळच्या आत सापडले, माथ्यापासून थोडे खाली. बसलेले होते, कमरेपर्यंत वाळूत. तोंडावर उपरणं होतं, त्यातून श्वास चालू होता. वर माथ्यावर सात झावळ्या उभ्या होत्या. सरळ रेषेत, हातभर खोल, काथ्याने बांधलेल्या. आठवी त्यांच्या मांडीवर होती.

"चर पुरला नाही रे," ते म्हणाले. "खणला की भरतो, खणला की भरतो."

मी त्यांना हातांनी उकरून काढलं.

वारा तीन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी दार उघडेना. बाहेरून वाळूने दाबून धरलं होतं. आम्ही पाचही जीव आत, आम्ही चौघं आणि एक शेळी. बाकीच्या शेळ्या सुटून बागेत गेल्या होत्या. छपरातून वाळू बारीक धारेने गळत होती, सालहा ती टोपलीत धरायची. टोपली भरली की ओतायची कुठे, कळायचं नाही. ती कोपऱ्यात ओतायची आणि परत तिथेच येऊन बसायची. बाबांच्या छातीतून आवाज येत होता, खोडात अळी करकर करते तसा. मी कान लावला नाही. तसाच ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी, सतरा तारखेला, वारा पडला. आम्ही छप्पर फोडून बाहेर आलो. मागची भिंत दिसतच नव्हती. नव्या चुन्याचा एक पट्टा तेवढा वर राहिला होता, वीतभर.

सी लझहर यांनी आम्हाला पंपाची खोली दिली. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "घर आता गेलंच. इथे राहा. काम तर चालूच आहे." पंप सुरू झाला की खोलीची जमीन थरथरायची आणि बाबांच्या अंगावरची घोंगडी हलायची. डॉक्टर येऊन गेले. छातीत वाळू बसलीय म्हणाले, दवाखान्यात हलवायचं तर वाटेतच जातील. परागबांधणी सुरू झाली होती. मी सकाळी झाडावर चढायचो, वरून खोलीचं दार दिसायचं, सालहा दारात दिसली की धडकी भरायची.

शेवटच्या दिवसांत त्यांनी एकदाच विचारलं, "खत झालं का?"

"झालं, बाबा. काळं, मऊ."

"मला दाखव."

मी ओंजळभर आणलं. त्यांनी बोटांनी चोळलं, वास घेतला. बराच वेळ काहीतरी शोधत असल्यासारखे चाचपत राहिले. एक काटा सापडला, झावळीच्या देठाचा, अजून न कुजलेला. तो त्यांनी चिमटीत धरून ठेवला.

आमच्यात कबरीवर झावळ्या रोवतात, एक डोक्याशी, एक पायाशी. त्या मागायला मी मालकांकडे गेलो. ते पहिल्या खड्ड्याशी उभे राहून मजुरांकडून खत गाडीत भरून घेत होते.

"मालक, दोन झावळ्या हव्या होत्या. बाबांसाठी."

"अरे, घे की," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यात विचारायचं काय? दोन कशाला, चार घे."

मी दोनच घेतल्या.

माझा बाप मिलूद बिन सालेम २००९ सालच्या मार्चच्या सव्वीस तारखेला, गुरुवारी, दुपारच्या नमाजाआधी, सी लझहर यांच्या पंपाच्या खोलीत वारला.